धूर पिणारा दगड

सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. घाटावरून आलेल्या धूम्रानंद बाबांनी काँक्रीटचा ताजा तुकडा पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवला होता. "फुंका," म्हणत त्यांनी पुढे बसलेल्या गावातल्या भाईच्या हातात नळी दिली. भाई फुंकत राहिला आणि नितळ पाणी दुधासारखं झालं.

"श्वासातला कार्बन शिळेनं प्यायला," बाबा म्हणाले. "माझ्या सिमेंटात मंतरलेली विभूती आहे. कारखान्याचा सगळा धूर ते परत पितं. हा जुना मंडप पाडा, नवा बांधा. सात पिढ्यांचा कार्बन धुतला जाईल."

सिमेंटच्या धुरानं हवा तापते, समुद्र चढतो, हे अनुजा शाळेत शिकवायची. मुलांकडून ते घरोघरी पोचलं होतं, म्हणूनच सिमेंटचा नवा मंडप बांधायला गाव आजवर तयार नव्हतं. आता हरकत उरली नाही.

अनुजा मागे भिंतीला टेकून उभी होती. हे चिरे तिच्या वडिलांनी रचलेले. ते शिमग्यात गेले, तेव्हापासून तिला काही जाणवतच नव्हतं. भिंत पाडणार हे ऐकूनही आत काही हललं नाही. फक्त पाण्यावरची नजर हटेना.

"शेवंतीकाकी, चुन्याची डबी दे," ती शेजारी बसलेल्या म्हातारीला म्हणाली.

"माका पान खाऊचा आसा गो."

"बोटभरच."

अनुजानं पुढे जाऊन चुना ग्लासभर पाण्यात ढवळला, खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं. "फुंक रे भाई."

"परत? माका फुगेवालो केल्यात तुमी."

पाणी पांढरं झालं. "मगे माझी डबी पण बाबा झाली," शेवंती म्हणाली. लोक हसले.

"थांबू नको." भाई फुंकत राहिला. पाणी पुन्हा नितळ झालं.

"बाबा, आता कार्बन कुठे गेला?"

"वैकुंठात," बाबा म्हणाले आणि पिशवी आवरू लागले.

"पाण्यातच आहे," अनुजा सपाट आवाजात म्हणाली. "ताज्या काँक्रीटमधला चुना पाण्यात उतरतो. श्वासातल्या वायूनं ते पाणी पांढरं होतं, जास्त फुंकलं की निवळतं. कुठल्याही सिमेंटनं हेच होईल. आपल्याकडे शिंपले भाजून चुना करायचे, तेव्हा त्यांतून हाच वायू उडून जायचा. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात, तिच्यातूनही तो निघतो. भट्टीच्या कोळशाचा वेगळा. काँक्रीट त्यातला थोडासाच परत घेतं, तोही वर्षानुवर्षं."

"मगे मंडप मोडूचो नाय?" देवस्थानच्या महादूनं विचारलं.

"गरज असेल तिथे बांधा. पण उभी भिंत पाडण्याआधी ती खरंच पडायला आली आहे का, ते बघा. कोणी चमत्कार दाखवला, तर तो घरी करून बघा. मग ठरवा."

महादूनं भिंतीवर मूठ आपटली. पुन्हा एकदा आपटली. "घट आसा," तो म्हणाला. "ऱ्हवांदे."

लोक पांगले. अनुजानं चिऱ्यावर तळहात ठेवला. वडिलांच्या हत्याराचे घाव बोटांना लागले. रडू आलं नाही. उद्या वर्गात चुना न्यायचा, एवढं तिनं ठरवलं.