अर्ध्या रेषेच्या अलीकडे

"त्या माणसाचं नाव स्टँडला देणार असाल, तर आधी माझं नाव सभासदांतून खोडा!" मी ताडकन उभा राहून ओरडलो. फारो फुटबॉल क्लबच्या सभेत सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"विल्मार, बस रे बाबा," अध्यक्ष नेलिदाबाई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर शोभतं का हे?"

पाहुणा म्हणजे बार्रेतो, आमचा जुना प्रशिक्षक. पहिल्या रांगेत काठी गुडघ्यांत धरून बसला होता. चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ.

"का शोभू नये? काय शिकवलं याने आपल्याला? बरोबरी राखायला! घरच्या मैदानावरसुद्धा पाच जण मागे, चार त्यांच्या पुढ्यात, आणि एक बिचारा पुढे एकटा नाक पुसत उभा!"

आमचा जुना गोलकीपर आदेमार उसळला. "आणि कप कुणी आणला रे? पहिल्या विभागात तुझ्या काकाने चढवलं का?"

"चढवलं, आणि दुसऱ्याच वर्षी दाणकन खाली! गोल कसा करायचा हेच विसरलेला संघ वर जाऊन काय दिवे लावणार? आजही आपल्याकडे समोरच्याला चकवून जाईल असा एक पोरगा दाखव. हा याचा वारसा!"

काहींनी टाळ्या वाजवल्या. पण खरं दुखणं अजून पोटातच होतं. म्हटलं, आज बोलून टाकू.

आमच्याकडे मध्यंतर झालं की लोक कुंपणाच्या कडेने चालत मैदानाच्या पलीकडे जातात. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार, त्या गोलमागे उभं राहायचं. बंदरावर हमाली करणारा माझा बापही थर्मास काखेत मारून, माते, आमचा तो कडू चहा, नळीने चोखत तसाच जायचा. मी डावा विंगर. चेंडू घेऊन कोपऱ्यात पोचलो की कुंपणातून आवाज यायचा, "आत घाल, गाढवा, आत!"

मग बार्रेतो आला. मला ओढून डाव्या बचावात टाकलं आणि बजावलं, "अर्धी रेषा ओलांडलीस तर बाकावर बसवीन."

बाप मात्र पलीकडच्याच कोपऱ्यात जात राहिला. आई म्हणायची, "अहो, पोरगा या टोकाला आहे ना?" तर म्हणायचा, "येईल की कधीतरी." तीन हंगाम तो तिथे आणि मी इथे. मला त्याची नुसती टोपी दिसायची. चौथा हंगाम सुरू व्हायच्या आत तो गेला.

"नवा स्टँड त्याच कोपऱ्यावर उभा राहतोय," हे सगळं सभेला सांगून मी म्हणालो. माझा आवाज फुटला होता, फुटू दे. "माझ्या बापाचं नाव द्या असं नाही म्हणत मी. पण याचं नको. पाया पडतो तुमच्या, याचं नको."

नेलिदाबाईंनी डोळे टिपले आणि मतदान घेतलं. बार्रेतोच्या बाजूने भराभर हात वर गेले. मघाशी टाळ्या वाजवणारेही त्यात होते. "वाईट वाटतं रे विल्मार," माझ्या शेजारचा पुटपुटला, "पण कप तो कप." हात त्याचाही वरच होता.

लोक म्हाताऱ्याला मिठ्या मारायला धावले. मी कोट घेऊन दाराकडे निघालो, तर तो गर्दीतून काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे बारीक करून मला न्याहाळू लागला.

"डावा बचाव म्हणालास ना? तीन हंगाम?"

"हो."

"तू मला अजिबात आठवत नाहीस."

"वा! झकास!"

"अरे, ऐक तर. ज्यांच्या बाजूने गोल खाल्ले, ती सगळी तोंडं मला अजून झोपेत दिसतात. तू आठवत नाहीस, म्हणजे तुझ्या बाजूने कुणी गेलंच नसणार. चांगला खेळलास, पोरा."

त्या माणसाने माझं केलेलं हे पहिलं कौतुक. संताप अजून उतरला नव्हता, तरी त्याच्यासमोरच मी ढसाढसा रडलो.