आडवी सवारी

रंगारीबाबांनी सगळा जन्म लोकांची छतं रंगवण्यात घालवला, आणि म्हातारपणी छताकडेच बघत पडून राहायची पाळी त्यांच्यावर आली. बरं, पडले तेही शिडीवरून नाही. शिडीवरून पडले असते तर चार माणसांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. पडले ते लेकीच्या स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावरून, दिवा बदलताना. मणक्याला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, हाड आपलं आपण सांधेल, तुम्ही फक्त आडवे राहा. हाड सांधत होतं, पण त्याला कसली घाई नव्हती. डोक्याखाली एक उशी चालायची. दुसरी सरकवली की कमरेपासून टाचेपर्यंत अशी कळ जायची की बाबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि बाबांची म्हातारी होती नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात. बाबांच्या पडण्याच्या कितीतरी आधी तिची डावी बाजू लुळी पडली होती. तेव्हापासून बाबा रोज दुपारी पूल ओलांडून तिच्याकडे जायचे, तिच्या खुर्चीशेजारी बसून चहा घ्यायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला परत यायचे. पडल्यावर ते बंद झालं. राहिला तो फोन. चहाच्या वेळेला लेक फोन लावून उशीशी ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायची.

बाबांनी पहिल्याच आठवड्यात म्हातारीला सांगून टाकलं होतं, "अगं, काही नाही, मी उठून बसतो आता."

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण थापेला पाय फुटतात. पुढच्या आठवड्यात बाबा खिडकीत बसून चहा घ्यायला लागले. मग भिंतीला धरून खिडकीपासून दारापर्यंत जायला लागले. एकदा तर दार उघडून जिन्याच्या कठड्यापर्यंत जाऊन आले. सगळं उशीवरून. म्हातारी पलीकडून म्हणायची, "जपून हं." बाबा म्हणायचे, "जपूनच चालतो."

अशात एक दिवस शुश्रूषागृहाच्या मोठ्या सिस्टरबाईंचा लेकीला फोन आला. म्हातारीच्या शेजारची खाट रिकामी झाली होती. "नवरा-बायको एका खोलीत असावेत असं आम्हालाही वाटतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "पण मागे रांग आहे. शुक्रवारी संध्याकाळच्या जेवणापर्यंत खाट धरून ठेवते. ताटं वाढली की मग माझ्या हातात नाही. ती दुसऱ्याला जाणार, आणि परत कधी रिकामी होईल ते देव जाणे."

लेकीने कंबर कसली. आडव्या माणसाला नदीपलीकडे न्यायचं म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं. तातडीच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विचारलं, जिवाला धोका आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. टॅक्सीवाला म्हणाला, पुढची सीट मागे पाडतो की! शेजारीण म्हणाली, सामानाचा टेम्पो बघ, गादी टाकून. शेवटी कोणीतरी एका ऑफिसचा पत्ता दिला. आजारी माणसांना घाईगर्दीशिवाय इकडून तिकडे नेणाऱ्या गाड्या तिथे मिळत. गाड्या दोन तऱ्हेच्या. बसता येणाऱ्यांना खुर्चीची गाडी, न बसणाऱ्यांना स्ट्रेचरची. लेकीने शुक्रवार दुपारची स्ट्रेचरची गाडी ठरवली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी ती औषधं आणायला खाली गेली होती. फोन उशीशीच राहिला होता. तो वाजला, बाबांनी उचलला.

"उद्याच्या गाडीची खात्री करायची होती," एका बाईचा आवाज आला. "पेशंटला बसता येतं का?"

बाबांनी छताकडे बघितलं. शुश्रूषागृहाचं दार त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. दारासमोर खिडकी, खिडकीत म्हातारीची खुर्ची. त्या दारातून आपण आडवे आत जातोय, आणि जिन्याच्या कठड्यापर्यंत चालणारा नवरा बघायला म्हातारी मान वळवतेय. एवढी पुलावरची वाट. दात आवळून धरले तर जाईल निघून.

"बसतो की!" बाबा म्हणाले. "मस्त बसतो."

"मग खुर्चीची गाडी पाठवते."

"पाठवा."

लेक परत आली तेव्हा बाबांनी विचारलं, "माझा तो निळा शर्ट इस्त्रीचा आहे का गं?"

शुक्रवारी दुपारी दाराची घंटी वाजली. दारात गोल चेहऱ्याचा ड्रायव्हर, एकटाच, आणि त्याच्या हातात चाकाची खुर्ची. लेक त्याच्या मागे जिन्यात बघायला लागली.

"स्ट्रेचर कुठाय?"

"मला खुर्ची सांगितलीय, ताई."

"अगं, आणलीय तर बसू दे मला," खाटेवरून बाबा म्हणाले. निळा शर्ट घालून, केस विंचरून ते तयार होते. "एवढं काय त्यात! धर रे बाळा, पाठीला हात लाव."

लेक नको-नको म्हणेपर्यंत ड्रायव्हरने खांद्यांखाली हात घातला आणि हळूच उचललं. टेकून बसण्याच्या अर्ध्यावरही बाबा पोचले नाहीत. तोंडातून आवाज निघाला नाही, पण चेहरा ताज्या चुन्यासारखा पांढरा झाला आणि हाताने चादर मुठीत आवळली. ड्रायव्हरने त्यांना तसंच सावकाश खाली टेकवलं आणि स्वतःचा घाम पुसला.

"आजोबा, मी तुम्हाला असं नेलं ना, तर पुलावर तुम्ही बेशुद्ध पडाल. मग खरी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल, आणि ती तुम्हाला भलतीकडेच घेऊन जाईल. मी नाही नेत."

लेकीने ऑफिसला फोन लावला. तिचा पारा चढला होता. "आडवा माणूस आहे म्हणून शंभरदा सांगितलं, आणि तुम्ही खुर्ची पाठवता?"

"ताई, काल आम्ही खात्री करून घेतली," पलीकडची बाई म्हणाली. "घरच्यांनीच सांगितलं, मस्त बसतात म्हणून."

"कोण घरचे? या घरात मी आणि..." लेक थांबली. तिने खाटेकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं.

"कोपऱ्यात तडा गेलाय," बाबा म्हणाले.

"बाबा."

"बारीक आहे. पण पसरणार तो."

"बाबा, फोन तुम्ही घेतला होता?"

ड्रायव्हर खुर्ची घेऊन हळूच दारापर्यंत मागे सरकला. घरच्या भांडणात पाहुण्याने उभं राहू नये, एवढं त्याला कळत होतं. पण गेला नाही. पुढे काय होतं ते त्यालाही ऐकायचं होतं.

"तिथे आडवं जायचं नव्हतं मला," बाबा म्हणाले.

लेकीने फोन पुन्हा कानाला लावला. फोनवरची बाई अजून होती. ती म्हणत होती, स्ट्रेचरच्या गाड्या सगळ्या गुंतल्यात, उद्या सकाळी बघू या का?

"उद्या खाटच नाही राहणार!" लेक म्हणाली. आता तिचा आवाज भरून आला. "आज जेवणापर्यंतच आहे. माझी आई आहे तिथे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मागे दुसरे फोन वाजत होते. मग बाई म्हणाली, "एक गाडी पेशंटला घरी सोडायला गेलीय तुमच्याच बाजूला. परत येताना रिकामी असेल. वळवून बघते. पण ताई, फोन आजोबांना द्या. या वेळी मी त्यांनाच विचारणार."

लेकीने फोन बाबांच्या कानाशी धरला.

"आजोबा, बसता येतं का?"

बाबांनी निळ्या शर्टाची कॉलर नीट केली. एवढ्या महिन्यांत त्यांनी ते कोणाला तोंडाने सांगितलंच नव्हतं. डॉक्टर सांगायचे, लेक सांगायची.

"नाही," बाबा म्हणाले.

"मान किती वर चालते?"

"एक उशी. पातळ."

"कूस वळता येते?"

"दोघांनी धरून वळवलं तर."

"जिना कसा आहे?"

"अरुंद. मध्ये वळण आहे." इथे त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "तिथे लांब वस्तू अडकते. दोन माणसं आणि कापडी झोळी लागेल."

"छान. हे काल सांगितलं असतंत तर एव्हाना पोचला असतात."

"बरोबर आहे बाई तुझं," बाबा म्हणाले आणि फोन लेकीकडे परत केला. गोल चेहऱ्याचा ड्रायव्हर आपली खुर्ची घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "आजोबा, खुर्चीत बसायला लागलात की मलाच बोलवा."

मग वाट बघणं. उन्हं खिडकीतून भिंतीवर आली, भिंतीवरून कपाटावर चढली. लेक दर थोड्या वेळाने गॅलरीत जायची. छतावरच्या तड्याचा विषयही बाबांनी पुन्हा काढला नाही.

शेवटी गाडी आली. दोघंजण वर आले. एक उंच, त्याला दुसरा लांबू म्हणायचा. दुसरा काडीसारखा, लांबू त्याला पैलवान म्हणायचा. त्यांनी बाबांना एका अंगावर वळवलं, पाठीखाली जाड कापडी झोळी सरकवली, दुसऱ्या अंगावरून ती ओढून घेतली, पट्टे बांधले. आणि पाय दाराकडे करून उचललं.

"थांबा, थांबा," बाबा म्हणाले. "पाय पुढे करून कोणाला नेतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," लांबू म्हणाला. "पण ते वाटेत बडबड करत नाहीत. जिना उतरताना पाय पुढे, आजोबा. डोकं वर राहायला पाहिजे. तिकडे चढवायचं असलं तर डोकं पुढे."

वळणावर दोघं अडखळले. बाबांना राहवलं नाही. "आधी टोक वर उचला, मग फिरवा. मी याच जिन्यावरून आठ हाती शिडी वळवायचो."

"शिडीला कळा येत नाहीत, आजोबा," पैलवान धापा टाकत म्हणाला. त्याने झोळी कठड्यावरून अलगद ओढून घेतली आणि ते वळले.

पहिल्या मजल्यावरचे शेजारी दार उघडून बाहेर आले, आणि झोळी बघून त्यांनी हात जोडले.

"अजून आहे हो मी!" बाबा म्हणाले. शेजारी घाबरून आत गेले. लेकीला इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं.

खाली चाकाचं स्ट्रेचर उभं होतं. त्यावर बाबांना ठेवलं, आणि गाडीत चढवण्याआधी क्षणभर त्यांच्यावर नुसतं आभाळ आलं. किती महिन्यांनी! त्याला कुठे तडा नव्हता. मग गाडीचं पत्र्याचं छत आलं.

पुलावर गाड्यांची रांग लागली होती. लेक बाबांच्या डोक्याशी बसली होती. ती दर थोड्या वेळाने पुढे वाकून बघत होती.

"हलतेय का?" बाबांनी विचारलं.

"मुंगीच्या पावलाने."

"अगं, एक सांगायचंय. तुझ्या आईला मी सांगितलंय, की मी बसतो."

"बसता?"

"चालतोही. दारापर्यंत. कठड्यापर्यंत सुद्धा एकदा गेलो होतो."

लेकीने कपाळाला हात लावला. "आता तिला काय सांगणार?"

"तू सांग ना. म्हणावं, खुर्चीची गाडी मिळाली नाही, म्हणून झोपवून आणलं."

"मी नाही थापा मारणार. खुर्चीची गाडी दारात येऊन गेली."

पत्र्याला एका जागी गंज धरला होता, तिकडे बाबा बघत राहिले. मग गाडी एकदम हलली, पूल मागे पडला.

शुश्रूषागृहाच्या व्हरांड्यात शिरले तेव्हा ताटांचा आवाज ऐकू आला. लेकीने पावलं उचलली. मोठ्या सिस्टरबाई समोरून आल्या. "ढकलगाडी स्वयंपाकघरातून निघालीय," त्या म्हणाल्या. "चला, लवकर. मी त्या दुसऱ्या लोकांना फोन करायलाच निघाले होते."

व्हरांड्याचं छत मागे गेलं, दाराची चौकट मागे गेली, आणि स्ट्रेचर थांबलं. रिकाम्या खाटेवर कोरी चादर होती. झोळीसकट बाबांना तिच्यावर ठेवलं, झोळी काढून घेतली, पातळ उशी दिली. हे सगळं होईपर्यंत बाबांनी डोळे मिटून घेतले होते. लांबू म्हणाला, "पोचलो, आजोबा." तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवली.

म्हातारी खिडकीत खुर्चीवर बसली होती. तिने विंचरून घेतलं होतं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे शब्द आता जरा ओढत यायचे.

"दमलात? एवढं चालून?"

बाबांनी लेकीकडे बघितलं. लेक खाली वाकून पिशवीतलं सामान काढायला लागली.

"अगं, मी बसत नाही," बाबा म्हणाले. "चालतही नाही. एका उशीच्या वर मान जात नाही माझी."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं? हिने?"

"तुमच्या आवाजाने. बसलेला माणूस असा बोलत नाही. इतकी वर्षं रात्री शेजारच्या उशीवरून ऐकलाय तो आवाज. रोज दुपारी फोनवर तोच यायचा."

बाबांनी उशीवर मान आणखी तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

"छान चालत होतात की! खिडकीपर्यंत गेलात, दारापर्यंत गेलात. म्हटलं, जाऊ दे. मी रोज वाट बघायची, आज कुठपर्यंत जाताहेत."

पैलवान दारात पट्टे गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. लांबूने त्याला कोपराने ढोसलं, आणि दोघं निघून गेले.

ढकलगाडी खोलीत आली. वाढणारी बाई नवी होती. तिने दोन ताटं काढली आणि लेकीला विचारलं, "आजोबांना बसता येतं का?"

"नाही," बाबाच म्हणाले. "भरवावं लागेल."

"माझी खुर्ची जवळ घ्या," म्हातारी म्हणाली. "माझा उजवा हात चांगला आहे."

लेकीने खुर्ची खाटेला चिकटवली. म्हातारीने चमचा भरला, आणि तो इतका हळू, इतका डुगडुगत निघाला, की बाबांचा जन्मभर ब्रश धरलेला हात चादरीवर आपोआप वर आला.

"कोपर टेकव, अगं. मनगट सैल सोड. नाहीतर सांडेल."

"गप्प राहा," म्हातारी म्हणाली, "आणि तोंड उघडा."

बाबांनी तोंड उघडलं.