हडळ बायकांना नेत नाही

माझा थोरला भाऊ खाम्पानदादा एकोणतीस वर्षांचा होता. आदल्या दिवशी त्यानं दिवसभर भाताची पोती ट्रकवर चढवली आणि सकाळी उठलाच नाही. तीन महिन्यांनी गावातला आणखी एक तरणा गडी तसाच झोपेत गेला. मग सगळ्यांचं पक्कं झालं, की विधवा हडळ नवरा शोधत फिरतेय. तिनं घरात शिरू नये म्हणून दारोदारी लाल सदरे टांगले. माझा धाकटा भाऊ बुन्लाय तर नखं रंगवून झोपायला लागला, म्हणजे हडळीला तो बाई वाटेल.

मी तालुक्याच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे हृदयाचे ठोके बिघडण्याचं दुखणं असू शकतं, घराण्यात चालतं. भावाचा ईसीजी काढू या."

तीनदा वेळ घेतली. एकदा त्याचा ट्रॅक्टर बिघडला, एकदा तो वाटेतूनच परतला. तिसऱ्यांदा दारापर्यंत आणला.

"ताई, मला काय धाड भरलीय?"

"दादाला तरी काय झालं होतं?"

"दादानं नखं रंगवली नव्हती," असं म्हणून तो समोर भाजलेली कोंबडी खायला गेला.

"नंबर फुकट जाईल, तुम्हीच झोपा," ईसीजीवाली म्हणाली. मी रागारागातच टेबलावर आडवी झाले.

कागद घेऊन डॉक्टरीणबाई स्वतःच टेबलापाशी आल्या. छातीवरच्या चकत्या जरा वर सरकवून त्यांनी पुन्हा आलेख काढायला लावला. मग विचारलं, "कधी शुद्ध हरपलीय?"

हरपली होती. दोनदा, तापात. घरच्यांनी उन्हावर ढकललं होतं.

ठोक्यांचं दुखणं मलाच निघालं, असं घरी सांगितलं तर आई चिकट भात वाढता वाढता म्हणाली, "हडळ बायकांना नेत नाही. मशीन बिघडलं असेल." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

बुन्लायनं मला गाडीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मी बाकड्यावरून हलेना.

"आधी तू."

"आजारी तू आहेस."

"मग मीही जात नाही."

नर्सनं माझं नाव तीनदा पुकारलं. चौथ्यांदा ती चिडली, तेव्हा कुठे तो उठला. बटणं काढत पुटपुटला, "दादासारखीच हट्टी आहेस."

ठोके बिघडले की झटका देऊन सावरणारं यंत्र माझ्या छातीत बसवायचं ठरलं. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. बुन्लायचा आलेख साफ आला. डॉक्टर त्याला म्हणाले, "आज साफ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. लपलेला दोष दिसतो का ते औषध देऊन पुन्हा तपासायला हवं. ताप आला तर अंगावर काढू नका."

बाहेर येऊन त्यानं आईला फोन लावला. "माझं साफ आहे," एवढंच बोलला. मी फोन हिसकावून घेतला आणि डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलं, माझ्या यंत्राचंही.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलात का?"