चौथ्या डब्याचा कॉक

व्याही समोर असले की भल्याभल्यांना शेखी मिरवायची हुक्की येते. मिस्त्री तर काय, मुळातच तोंडाळ.

इंजिनाच्या शेडमध्ये चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले हे मिस्त्री व्याही आणि विहीणबाईंना घेऊन रेल्वेच्या हौशी मंडळाच्या हिवाळी सहलीला आले होते. पुढे जपून ठेवलेलं जुनं डिझेल इंजिन, मागे सहा डबे आणि दातखिळी बसेल अशी थंडी. इंजिनात एक छोटा बॉयलर होता. त्याची वाफ डब्यांखालच्या नळीतून शेवटपर्यंत जाई आणि डबे उबदार राहत. डब्याडब्यांमधल्या रबरी नळ्या जोडायच्या आणि प्रत्येक टोकाचा कॉक, म्हणजे वाफेची तोटी, उघडायची, एवढंच काम. ते मिस्त्रींनी हट्टाने मागून घेतलं. नळ्या जोडता जोडता ते व्याह्यांना ऐकवत होते, की आपल्या हाताखालून गेलेली गाडी कधी माघारी आली नाही.

बॉयलरवर फुंकर होता, मिस्त्रींचा शेडमधला जुना जोडीदार. गार चहासुद्धा फुंकर मारून प्यायचा, म्हणून हे नाव. आता त्याचं वय झालं होतं, हात कापत होता. यंदा बॉयलरने कटकट केली तर त्याला घरी बसवायचं, असं मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ठरवलं होतं. बायको गेल्यापासून हिवाळ्यातल्या या चार फेऱ्यांसाठीच तो वर्षभर तग धरून असे. मिस्त्रींना हे पुरतं ठाऊक होतं.

तासाभरात मागचे तीन डबे गारठून गेले. विहीणबाईंनी नवऱ्याचीही शाल ओढून घेतली. लोक कुरकुरू लागले तशा अध्यक्षबाई आल्या आणि सगळ्यांदेखत मिस्त्रींना विचारू लागल्या, की पुढे ऊब आहे, मग इथेच का नाही?

मिस्त्रींना एकदम आठवलं. चौथ्या डब्यापाशी व्याह्यांनी काहीतरी विचारलं होतं आणि किस्सा रंगवण्याच्या भरात तिथला कॉक तसाच राहिला होता. व्याही कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते.

"बॉयलर," मिस्त्री म्हणाले. "वाफ कमी पडतेय, मागे पोचत नाही."

बाई तडक पुढे गेल्या. आपण काय केलं हे मिस्त्रींना त्याच क्षणी कळलं, पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो.

मधल्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा पाय मोकळे करतो म्हणून ते उतरले. वाकून, चोरासारखं इकडेतिकडे बघत त्यांनी कॉक फिरवला. नळी फुसफुसली. ते परत येऊन बसले आणि गाडी उभी असतानाच बाकाखालचे पाइप तापले.

व्याह्यांनी खिडकीतून त्यांना वाकलेलं पाहिलं होतं. आमच्या व्याह्यांनी बघा कसं चुटकीसरशी दुरुस्त केलं, असं त्यांनी डबाभर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारातून फुंकर आत आला. हातमोजे काढलेले, मागे अध्यक्षबाई. इथून पुढे बॉयलरवर दुसरं कोणीतरी उभं राहणार होतं. काय चाललंय ते कळल्यावर त्यानेही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. मग तो मिस्त्रींच्या शेजारी टेकला.

"गेज सकाळपासून वाफेचा दाब बरोबर दाखवत होतं रे," तो हळूच म्हणाला. "पण तू म्हणालास बॉयलर, म्हणजे बॉयलरच असणार. माझं काय चुकलं तेवढं सांग. नाहीतर घरी बसून तेच डोक्यात घोळत राहील."

मिस्त्रींनी व्याह्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"तुझं काही चुकलं नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नळी मी जोडली. कॉक उघडायचा मीच विसरलो. आणि बाईंनी विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं."

व्याही खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी फुंकरला एवढंच सांगितलं, की इंजिनावर जा, गाडी सुटायची वेळ झाली.

फुंकर उठला. त्याने हातमोजे चढवले.

"मला एकट्याला येऊन सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर मी बॉयलरचंच नाव घेतलं असतं."

आणि तो प्लॅटफॉर्मवर उतरून इंजिनाकडे चालू लागला.