ऊर्ध्वनाथांचा उलटा चढ

रविवार उजाडला की सावेडीतली निम्मी माणसे घोरपड्या टेकडीच्या वाटेला लागत. पूर्वी त्या वाटेला सकाळी फिरायला जाणारी चार मंडळी आणि होले-तितरांसारखी पाखरे यांच्याखेरीज कोणी विचारीत नव्हते. बाहत्तरच्या दुष्काळी कामावर ती रुंद झाली, तिच्या कडेला दगडी ताल, म्हणजे बुटकी भिंत, रचली गेली आणि पुढच्याच वर्षी तेथे ऊर्ध्वनाथ महाराज प्रकटले.

"पहा रे, पहा!" महाराजांनी चढाच्या पायथ्याशी लिंबू ठेवले. लिंबू जरा हलले, कोणी न ढकलता चढावर निघाले आणि बघता बघता वर धावू लागले. गर्दीतून आरोळी उठली.

"लिंबाला पाय नाहीत, पण भाव आहे! तुम्हांला पाय आहेत, भाव आहे का? ज्याला भाव आहे त्याला डोंगर स्वतः ओढून घेतो. जाताना पिसासारखे हलके व्हाल. परतताना उतारावरही धाप लागेल. भिऊ नका! ती धाप तुमची नव्हे, बाहेर पडणाऱ्या पापाची!"

मागे उभ्या असलेल्या काकासाहेबांनी ओठ मुडपले. ओव्हरसियर म्हणून त्यांनी तीस वर्षे रस्ते आखले होते. पापाला धाप लागते, असे कोणत्याही अंदाजपत्रकात त्यांच्या पाहण्यात नव्हते. परंतु त्यांची नजर महाराजांवर नव्हती, ती त्या टप्प्यावरून अनवाणी चालणाऱ्या गोरक्षनाथांवर होती. गोरक्षनाथ म्हणजे त्यांचे रोजचे फिरण्याचे सोबती, निवृत्त पोस्टमास्तर. दिवाळीत त्यांच्या हृदयाने दगा दिला होता. 'गोळ्या चुकवू नका आणि चढ टाळा,' असे डॉक्टरांनी बजावले होते.

"काकासाहेब, पाहिलंत?" गोरक्षनाथ परत येऊन धापा टाकीत म्हणाले. "दवाखान्याच्या चार पायऱ्या चढवत नव्हत्या, इथे चढ कळलासुद्धा नाही! आजपासून गोळ्या बंद. महाराजांनी रोज अकरा फेऱ्या सांगितल्यात."

"आणि हा दम?"

"तो पापाचा."

"पोस्टात बसून एवढं कोणतं पाप केलंत?"

"भावजी, थट्टा नको," गोरक्षनाथांच्या पत्नी पुष्पावतीबाई म्हणाल्या. "किती दिवसांनी यांचा चेहरा खुललाय."

वाटेकडेला पेरू विकणारी बनुबाई मध्येच बोलली. "सायेब, येक इचारू? दुष्काळात आमी ह्याच वाटंनं खडीच्या पाट्या वाहिल्या. तिकडं जाताना सोपं जायचं, हिकडं येताना जीव जायचा. तवा म्हाराज न्हवते. मंग पाप कुनाचं निघत हुतं? मुकादमाचं?"

लोक हसले. महाराज गरजले, "बाई, डोळे फुटले काय? चढ दिसत नाही?"

"डोळ्याचं काय घिऊन बसलाव? डोक्यावर पाटी घ्या, मंग मान सांगंल चढ का उतार!"

तिला सर्वांनी वेड्यात काढले. काकासाहेबांनी मात्र ते वाक्य घरी नेले.

मंगळवारी, वाटेवर कोणी नसताना, गवंड्याकडून मागून आणलेली पन्नास फुटी रबरी नळी घेऊन ते तेथे पोहोचले. नळीच्या दोन्ही तोंडांना काच होती आणि आत पाणी. कोठेही धरा, दोन्ही काचांतले पाणी एकाच पातळीत राहणार. चार वेळा नळी पुढे सरकवून त्यांनी तो टप्पा मोजला. वर दिसणारे टोक नऊ फूट खाली होते. म्हणजे अकरा फेऱ्यांत गोरक्षनाथ रोज सुमारे शंभर फूट चढत होते, आणि ते 'उतरताना'.

त्याच वेळी मित्राचे दार ठोठावायला हवे होते. परंतु एकदाच घेतलेल्या मापाला माप म्हणायचे नाही, ही त्यांची शिस्त. बुधवारी त्यांनी पुन्हा मोजले, गुरुवारी तिसऱ्यांदा. रविवारी सर्वांसमक्ष मांडण्यासाठी प्रमाणबद्ध नकाशा काढायला घेतला. शुक्रवारी सकाळी ते शीर्षकाची अक्षरे काळ्या शाईने गिरवीत असताना गोरक्षनाथ परतीच्या वाटेवर कोसळले आणि उठले नाहीत.

रविवारी महाराजांनी हात उंचावले. "शेवटचे पाप निघाले आणि जीव मोकळा झाला! केवढे भाग्य!"

काकासाहेबांनी नळी पसरली. एक तोंड पायथ्याशी बनुबाईच्या हाती दिले, दुसरे वरच्या अंगाला महाराजांच्या पट्टशिष्याच्या हाती. बनुबाईकडे पाणी गुडघ्याशी थांबले, शिष्याकडे बरगड्यांशी.

"पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत आहे. मग जमीन खोल कोणीकडे?"

गर्दीच्या माना एकदा इकडे, एकदा तिकडे वळल्या. मग एक म्हातारा पुटपुटला, "म्हाराजाच्या वरल्या अंगाला."

"ही ताल पाहा. ती वाटेहून अधिक उतरते," काकासाहेब म्हणाले. "मागच्या कातळाचे थरही तिकडेच कलले आहेत आणि टेकडीआड क्षितिज दिसत नाही. डोळा तालीलाच सपाट धरतो. म्हणून कमी उतरणारी वाट त्याला चढल्यासारखी वाटते. लिंबू उतारावरून घरंगळते, इतकेच."

"श्रद्धा नळीने मोजता?" महाराज ओरडले.

"नळी ऱ्हाऊ द्या," बनुबाई म्हणाली आणि पेरूंची भरली पाटी तिने त्यांच्या डोक्यावर ठेवली. "आता ह्यो उतार उतरा."

कालपर्यंत पायांवर लोळणाऱ्या माणसांनीच त्यांना मागून रेटले. चाळीस पावलांत महाराजांच्या छातीचा भाता झाला. "म्हाराज, कितवं पाप?" "अजून लई हाईत वाटतं!" पेरू घरंगळत राहिले, गर्दी हसत राहिली, काकासाहेबही हसले.

दुपारी नकाशाची गुंडाळी घेऊन ते पुष्पावतीबाईंकडे गेले आणि घडले ते सर्व त्यांनी समजावून सांगितले.

"म्हणजे येताना यांना चढ होता?"

"होय."

"मी हात धरून ओढायची. म्हणायची, उतार तर आहे, चला की पटापट." त्यांनी आपल्या पंजाकडे पाहिले. मग मान वर केली. "तुम्हांला हे केव्हा कळलं, भावजी?"

काकासाहेबांच्या हातातली गुंडाळी चुरगळली.

"मंगळवारी."

तो नकाशा आज टेकडीच्या वाटेवर, फिरणाऱ्यांना दिसेल असा लावलेला आहे. शीर्षकाची शेवटची तीन अक्षरे अजून गिरवायची राहिली आहेत. खाली काकासाहेबांनी वाकड्या अक्षरांत लिहिले आहे: 'डोळ्यांवर विसंबू नका, मोजा. आणि मोजलेत की त्याच दिवशी सांगा.'