पाचोडच्या तव्याची मूठभर चूक

मी एक जुना लोखंडी तवा आहे. पाचोडच्या एसटी स्टँडजवळ भागूबाईच्या खानावळीत माझा जन्म गेला. सकाळी गव्हाच्या पोळ्या, दुपारी ज्वारीच्या भाकरी. पोळी पाहुण्यांची, भाकरी घरच्यांची, एवढंच माझं ज्ञान. मित्रांनो, त्या ज्ञानावर मी फार ऐटीत होतो.

एका दुपारी सांगलीच्या आशाबाई पैठणला लग्नाला जाताना नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन इथं उतरल्या. पोरीचं नाव ईश्वरी. तिला गहू, रवा, मैदा काहीच चालत नव्हतं. आधीच्या तीन हॉटेलांत "थोड्यानं काय होतंय?" असंच उत्तर मिळालं होतं. पोर भुकेनं कोमेजली होती.

"मावशी, नुसती ज्वारीची भाकरी मिळेल का?" आशाबाईंनी विचारलं.

"पाहुण्याला भाकर? लोकं काय म्हणतील!" भागूबाई म्हणाली. "गरम पोळ्या करते की."

"नको. गहू पोटात गेला की ती आजारी पडते."

मी बुचकळ्यात पडलो. गव्हानं कुणी आजारी पडतं? गहू तर सणाचा! भागूबाईलाही ते कळलं नाही, पण ती भाकरी करायला बसली. पीठ जुनं होतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती. थापताना कडा फाटू लागल्या. पाहुण्यांपुढं तुटकी भाकरी कशी ठेवायची? म्हणून तिनं नेहमीसारखी मूठभर गव्हाची कणीक मिसळली. इथं ती मूठ कुणी हिशेबात धरतच नाही.

"गहू नाही ना यात?"

"नाय हो, ज्वारीचीच हाय," भागूबाई म्हणाली, आणि तिच्या मते ती खोटं बोलत नव्हती.

चौथ्या दिवशी परतीच्या एसटीतून त्या दोघी उतरल्या. पोरीचं तोंड सुकलं होतं. लग्नाचे दोन्ही दिवस तिनं उलट्या आणि पोटदुखीत काढले होते. आशाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "त्यात काय होतं मावशी? खरं सांगा. पुढं कुठं काय विचारायचं, ते मला कळायला हवं."

भागूबाईनं मुठीचं सांगितलं आणि मटकन खाली बसली. "लई मोठं चुकलं माय," ती रडत म्हणाली.

मग ती उठली. बाजाराचा दिवस होता. आशाबाईंना विचारून नवी ज्वारी, नवा तवा, नवी परात आणली. गिरणीत गहूही दळतात म्हणून घरचं जातं धुऊन, वाळवून त्यावर ज्वारी दळली. दोन एसट्या निघून गेल्या. मला कुणी हातही लावला नाही. मी घासूनपुसून लख्ख होतो, तरी नको! मला फार वाईट वाटलं आणि का, तेही कळेना.

ताटातल्या भाकरीकडं ईश्वरी बघत राहिली. "आजी, मूठ नाही ना घातली?"

"नाय गं बाय. तुझ्यादेखत दळलं."

पोरीनं आईकडं बघून हळूच पहिला घास घेतला.

मित्रांनो, पथ्याचं सगळं मला अजून उमगलेलं नाही. पण कुणी "हे मला चालत नाही" म्हणालं, तर त्याची परीक्षा घेऊ नका. कशात काय घातलं, कशावर भाजलं, ते नीट सांगा. त्या पहिल्या दिवशीची भाकरी माझ्यावर टम्म फुगली होती. पोर ती खात होती आणि मी खुशीत होतो.