चारही चाकांतली हवा

परीक्षकसाहेबांची गाडी सोळा वर्षांची होती आणि त्यांच्या मते आत्ता कुठे वयात येत होती. दोन दारांची, बुटकी, लाल, पळायला तयार. मागची सीट होती, पण केवळ कागदोपत्री. तिच्यावर एकदा बसलेला पाहुणा पुन्हा घरी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तेल संपत आल्याचा इशारा देणारा समोरचा दिवा सहा वर्षं अखंड पेटलेला होता. "तो बिघाड नाही, तो स्वभाव आहे," असं ते सांगत.

गाडी चालवण्याचा परवाना कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवण्याची नोकरी ते एकतीस वर्षं करत होते. परीक्षेच्या मैदानावर त्यांना पाठीमागे 'नापाससाहेब' म्हणत. गाडीत बसण्याआधी चारही चाकांवरून नजर न फिरवणाऱ्याला ते इंजिन सुरू होण्याआधीच घरी पाठवत. त्यांचा जावईसुद्धा त्यांच्या हातून दोनदा नापास झाला होता. "तिसऱ्यांदा पास झाला आणि परवान्याबरोबर मुलगीही घेऊन गेला," हे ते चारचौघांत सांगत आणि जावई प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखा हसे. माणूस मुळात चांगला होता.

या चांगल्या माणसानं गेल्या आठवड्यात त्याच गाडीचं नवं मॉडेल घेतलं. निळं.

"अहो, तुमच्या गाडीतून उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं," असं बायको दोन वर्षं म्हणत होती. तिच्या गुडघ्यांचा आणि त्या सीटचा उभा दावा होता. आता तिनं सरळ तोडगा काढला. रविवारी दोन्ही गाड्या टेकडीच्या एकाच रस्त्यानं न्यायच्या, आधी नवी, मग जुनी, आणि ती दोन्हींत बसणार. जुनी खरंच बरी निघाली तर ती पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही निघाली तर लाल गाडी विकायची आणि जरा उंच, चार दारांची बघायची.

"मान्य," परीक्षकसाहेब म्हणाले होते. "या नव्या गाड्यांत जीवच नसतो. नुसते पडदे आणि बटणं."

ते बुधवारी म्हणाले होते. गुरुवारी जावई गाडी दाखवायला आला आणि त्यांनी ती कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणली. एवढंच. पण कोपऱ्यावर ती गाडी अशी वळली, जणू तो कोपरा तिच्या माहेरचा होता. परत येऊन ते म्हणाले, "ठीक आहे. स्टिअरिंग जरा मुर्दाड वाटलं." मग त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी ते आणि बायको मुलीकडे पोचले. सगळे वर कॉफी पीत असताना ते "गाडी नुसती बघून येतो" म्हणून खाली पार्किंगमध्ये आले. निळ्या गाडीपाशी, खांबाच्या आड, ते चक्क उकिडवे बसले. एका चाकाची हवा सोडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि कुणाच्याही लक्षात येतं, हे त्यांना नोकरीमुळे ठाऊक होतं. चारही चाकांची सारखीच सोडली तर गाडी नुसती जड लागते, मंद वाटते, आणि दोष गाडीचा ठरतो. म्हणून त्यांनी प्रत्येक चाकाला मनात बारा आकडे मोजून न्याय दिला. हवा फुसफुसत होती. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं कळत होतं. कान तापले होते. एवढी हवा सोडून कुणी टेकडीच्या रस्त्याला लागलं असतं, तर त्यांनी त्याचा परवाना जागेवर काढून घेतला असता. "मी हळू चालवीन," त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मग सगळे खाली आले. साहेब स्टिअरिंगवर, शेजारी बायको, मागे मुलगी आणि जावई. जावई मागच्या सीटवर आरामात बसला, हे साहेबांनी आरशात बघितलं. त्यांनी गाडी सुरू केली.

मंजुळ घंटा वाजली. समोरच्या पडद्यावर गाडीचं चित्र उमटलं, चारही चाकं लालभडक, आणि खाली अक्षरं: हवा कमी. गाडी चालवू नका.

नव्या गाड्या चाकांतली हवा स्वतः मोजतात, हे एकतीस वर्षं चाकं तपासणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. त्यांच्या गाडीला फक्त तेलाचं माहीत होतं, आणि तेही चुकीचं.

"चारही?" जावई पुढे वाकला. "एकदम?"

"कालपर्यंत तर बरी होती," मुलगी म्हणाली.

इथे गप्प बसायचं होतं. पण साहेबांची जीभ एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका सांगण्यात तयार झालेली. "ताब्यात देताना कुणी बघितलंच नसेल. हल्ली कामं अशीच करतात. तक्रार करा, सोडू नका."

जावई आज्ञाधारक. त्यानं फोनवरच शोरूमचा फॉर्म भरून तक्रार नोंदवली. पाच मिनिटांत फोन वाजला आणि गाडीच्या स्पीकरमधून एका बाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"नमस्कार. तुमची गाडी मी तपासली होती. चारही चाकं मी स्वतः बघितली साहेब, दोनदा. कागदावर सही माझीच आहे."

"अहो, पण इथे चारही लाल दाखवतंय," जावई म्हणाला.

"तसं कसं होईल?" बाई घाईघाईनं बोलू लागल्या. "साहेब, मी आत्ता येऊन हवा भरून देते, सुट्टी असली तरी येते. फक्त तेवढी तक्रार... आमच्याकडे अशी तक्रार आली की तपासणीवरून काढतात आणि गाड्या धुवायला पाठवतात. आठ वर्षांनी मिळालंय हे काम."

जावयानं मुलीकडे बघितलं. बायको पडद्याकडे बघत होती. साहेबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी उभीच होती.

"तुम्ही येऊ नका," ते म्हणाले. "हवा मी सोडली."

"कोण बोलतंय?"

"सासरा. गाडीमालकाचा."

"चुकून सुटली का?"

"चार चाकांची चुकून कशी सुटेल, बाई?"

गाडीत इतकी शांतता पसरली की नव्या मॉडेलची बांधणी किती बंदिस्त आहे हे कळलं. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"बरं," बाई सावकाश म्हणाल्या. "मग तक्रार मागे घ्या. फॉर्ममध्ये कारण लिहा तेवढं. कारणाची जागा मोकळी सोडली की तक्रार माझ्याच नावावर राहते."

जावयानं फोन पुढे दिला. साहेबांनी 'अनवधानाने' असं लिहिलं आणि पुसलं. 'तांत्रिक गैरसमज' लिहिलं आणि तेही पुसलं. असली कारणं देणाऱ्यांची त्यांनी मैदानावर कधी गय केली नव्हती. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: 'नवी गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे. हे घरी कळू नये म्हणून हवा मी सोडली.' आणि पाठवलं.

बायकोनं चष्मा लावलेला होता. तिनं सगळं वाचलं.

जावई पायपंप घेऊन आला. "थांबा बाबा, मी मारतो."

"राहू द्या," साहेब म्हणाले. "मीच."

रविवार असल्यानं समोरच्या इमारतीच्या बाल्कन्यांत माणसं होती. एक वयस्क गृहस्थ इस्त्रीच्या कपड्यांत निळ्या गाडीभोवती पंप मारत फिरतो आहे आणि बाकीचं कुटुंब बाजूला उभं आहे, हे सगळ्यांनी निवांत पाहिलं. मुलीनं फक्त एकदा "बाबा" म्हटलं आणि पुढचं वाक्य गिळलं. ते वाक्य ती बोलली असती तर बरं, असं साहेबांना दुसऱ्या चाकापाशी वाटलं.

तिसऱ्या चाकाशी बायको जवळ आली.

"अहो, गाडी विकवत नाही, एवढं सांगायचं होतं ना मला. मी काय तुमच्यासारखी परीक्षक आहे?"

साहेबांनी मान वर केली नाही. घाम डोळ्यांत जात होता, आणि तो घामच आहे असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं.

"अजून एक चाक राहिलंय," ते म्हणाले.